तालुक्यालाही खुर्ची द्या

कॅन्सरचा उपचार एकट्या डॉक्टरने ठरवू नये, हा मुद्दा आता वादाचा राहिलेला नाही. सर्जन, केमो देणारा, रेडिएशन देणारा, तुकडा तपासणारा पॅथॉलॉजिस्ट आणि स्कॅन वाचणारा रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसायचे, आधी ठरवायचे आणि मगच हात घालायचा. या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. परळच्या टाटा रुग्णालयात तोंड, स्तन, गर्भाशय अशा अवयवांनुसार तज्ज्ञांचे गट आहेत आणि ते हे काम नेमाने करतात. डहाणू-तलासरीच्या पेशंटची अडचण दुहेरी आहे. या बैठकीपर्यंत तो अनेकदा उशिरा पोहोचतो आणि तिथे ठरलेले त्याच्या तालुक्यापर्यंत धडपणे परत येत नाही.

तोंडाच्या कॅन्सरचेच घ्या. तंबाखू-चुन्याची गोळी दाढेत धरायची सवय या पट्ट्यात जुनी आहे. गालाच्या आत जखम दिसली की पेशंट आधी जवळच्या दवाखान्यात जातो, मग वापी नाहीतर सिल्वासा गाठतो. एखाद्या ठिकाणी जखम काढून टाकली जाते आणि पुढचे कोणी पाहत नाही. हाच पेशंट बोर्डापुढे गेला असता, तर प्रश्नांची सरबत्ती झाली असती. तोंड किती बोटे उघडते? जबड्याच्या हाडापर्यंत रोग गेला आहे का? मानेत गाठी आहेत का? रेडिएशन लागणार असेल, तर किडलेले दात आधी काढायला हवेत, ते कोण पाहील? गिळता आले नाही, तर नाकातून नळी घालायची का? एकट्या सर्जनला हे सगळे एका वेळी सुचेलच असे नाही. पाच जणांत ते सुचते, आणि चुकीच्या दिशेने निघालेल्याला चौघे वेळीच थांबवतात.

पहिल्या शस्त्रक्रियेआधीचा हा विचार किती मोलाचा आहे, हे टाटा रुग्णालयानेच दाखवून दिले आहे. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या अवस्थेत असताना, मानेत गाठ हाताला लागत नसली तरी तिथल्या गाठी त्याच वेळी काढाव्यात, की वाट पाहावी? डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांची यावरची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. गाठी त्याच वेळी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबाबत टाटाचीच ६३३ स्त्रियांवरची चाचणी २०१८ मध्ये आली. ठरावीक टप्प्यातल्या आजारात आधी केमो देऊन मग शस्त्रक्रिया करण्यापेक्षा केमो आणि रेडिएशन एकत्र दिलेले सरस ठरले. पाच वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्या स्त्रिया ६९.३ टक्क्यांऐवजी ७६.७ टक्के होत्या. म्हणजे पिशवी काढण्याची घाई अशा बाईला महागात पडू शकते. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत १९९५ पासून स्तनाच्या कॅन्सरचे निर्णय तज्ज्ञांच्या गटाकडे गेले. पुढे १३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शेजारच्या भागांच्या तुलनेत तिथले मृत्यू १८ टक्क्यांनी कमी आढळले. त्यासाठी नवे औषध लागले नव्हते, कामाची पद्धत बदलली होती.

मात्र बोर्डाच्या टेबलावर जी माहिती येते, तिच्यात शरीर असते आणि घर बहुतेक नसते. रेडिएशन म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे. डहाणू रोडहून मुंबई सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. २०१३ पासून लोकल आहे, पण तलासरीच्या पाड्यावरून आधी स्टेशनच गाठावे लागते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा मिळाला तरी सोबत थांबणाऱ्याची मजुरी बुडते. दिवाळीनंतर कितीतरी वारली कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. अशा घरातल्या माणसाला जानेवारीत तारीख दिली आणि तो आला नाही, तर केसपेपरवर उपचार सोडल्याची नोंद होते. त्याने उपचार सोडलेला नसतो. त्याच्या घराचे वेळापत्रक कुणी विचारलेले नसते.

ही माहिती फक्त सहानुभूतीपुरती नाही, तिने उपचार बदलू शकतो. आजार बरा होण्यापलीकडे गेलेल्या तोंड-घशाच्या रुग्णांसाठी टाटाच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्यांची तुलना शिरेतून दर तीन आठवड्यांनी द्यायच्या सिस्प्लॅटिनशी केली. २०२० मध्ये निष्कर्ष आले. गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान साडेसात महिने, सिस्प्लॅटिनवाल्यांचे ६.१ महिने. घरी राहून घ्यायची गोळी इथे सलाईनच्या केमोला मागे टाकते. तलासरीच्या पेशंटला शेवटचे महिने आपल्या माणसांत काढता येतील, हे बोर्डाला सुचायला हवे. आणि ते सुचवणारा माणूस तालुक्यातलाच असू शकतो.

म्हणून मागणी नेमकी आहे. डहाणू आणि कासा इथली उपजिल्हा रुग्णालये आणि तलासरीचे ग्रामीण रुग्णालय यांना आठवड्यातला एक ठरलेला तास ट्यूमर बोर्डाशी जोडून द्यावा. यासाठी नवी इमारत लागत नाही. टाटाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभा राहिला, त्याचा ऑनलाइन ट्यूमर बोर्ड चालतो. सरकारची ई-संजीवनी ही दूरवैद्यक सेवा आहेच. तिशीपुढच्या सर्वांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे आणि त्यासाठी आशाताई घरोघर फॉर्म भरतात. संशयित सापडला की पुढे काय, हा दुवा तेवढा कच्चा आहे.

त्या तासात वैद्यकीय अधिकाऱ्याने फोटो, तुकड्याचा रिपोर्ट आणि स्कॅन मांडावेत आणि घरची परिस्थितीही सांगावी: सोबत कोण येईल, काम कुठले, रेशनकार्ड आहे का, राहायची सोय काय. पाड्यावरची आशाताई हे सांगू शकते, तिलाही बोलवावे. बोर्डाचा निर्णय एका पानावर सोप्या मराठीत लिहून पेशंटच्या हातात द्यावा: काय करायचे, कुठे, कोणत्या क्रमाने, किती दिवस आणि न केल्यास काय. त्याची प्रत तालुक्याच्या रुग्णालयात राहावी, म्हणजे ताप आला, नळी निघाली किंवा दुखणे वाढले, तर तिथल्या डॉक्टरला अंदाजाने काम करावे लागणार नाही. पेशंटच्या संमतीशिवाय हे कागद फिरू नयेत. बोलण्यात वारली जाणणारे माणूस सोबत असावे.

तज्ज्ञांना वेळ नाही, एकेका केसला काही मिनिटेच मिळतात, हा आक्षेप खरा आहे. त्यामुळे प्रत्येक केस बोर्डापुढे नेण्याचा आग्रह नको. साध्या केसेससाठी ग्रिडच्या लिखित मार्गदर्शक सूचना आहेत, त्या तालुक्यात वापरता येतात. अवघड केस मात्र पहिल्या शस्त्रक्रियेआधी बोर्डापुढे गेलीच पाहिजे. आणि हे फॉर्मवर चार सह्या जमवण्यापुरते उरू नये. बैठक झाली की नाही हे सह्यांवरून कळत नाही. पेशंटला काय समजले आणि त्याने उपचार पूर्ण केला का, यावरून कळते. जिल्हा आरोग्य यंत्रणेने दर तीन महिन्यांनी हेच दोन आकडे जाहीर करावेत.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला तो आदिवासी भागाच्या जवळ प्रशासन यावे म्हणून. उपचाराचा निर्णयही तितकाच जवळ आला पाहिजे. तज्ज्ञ मुंबईतच राहिले तरी चालेल. त्यांच्या टेबलाशी तालुक्याची खुर्ची मात्र असलीच पाहिजे. ती मांडण्याचे काम आरोग्य खात्याचे आहे आणि ते याच वर्षी सुरू करता येण्यासारखे आहे.