निनावी, पण पाच जणांत

मंडळी, "हे सर्वेक्षण पूर्णपणे निनावी आहे" असं वाक्य ज्या मेलमध्ये असतं, त्या मेलवर माझा विश्वास नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. :)

घरच्या वाचकांसाठी थोडं पाल्हाळ. (मामा, तुम्ही दर दिवाळीला विचारता ना, "एसीत बसून तुम्हाले कायचा त्रास?" म्हणून हे खास तुमच्यासाठी.) सॉफ्टवेअर कंपन्या वर्षातून एकदोनदा आपल्या लोकांना प्रश्नावली पाठवतात. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण द्यायचे, खाली एक चौकोन, त्यात मनातलं लिहायचं. गॅलपवाल्यांचे १२ प्रश्न तर जगभर चालतात. त्यातला एक प्रश्न, कामाच्या ठिकाणी तुमचा जिवलग मित्र आहे का, असा आहे! आम्हा प्रोग्रामर लोकांना आणखी थोडं वेगळं विचारतात. सलग दोन तास शांतपणे काम करता येतं का, टेस्ट चालायला किती वेळ लागतो, रात्री सिस्टिम बंद पडली तर फोन कोणाला येतो, वगैरे.

प्रश्न वाईट नाहीत, उलट फार चांगले आहेत. माणूस किती ओळी कोड लिहितो ते मशीन मोजतं, पण तो किती कंटाळलाय ते मशीनला कळत नाही. निकोल फोर्सग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रोग्रामरच्या कामाचं मोजमाप कसं करावं याची 'स्पेस' नावाची एक मांडणी केली. तिचं पहिलं अक्षरच समाधानाचं आहे. आणि समाधान कळायला विचारण्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

घोडं अडतं ते 'निनावी' या शब्दावर.

पुण्या-हैदराबादच्या ऑफिसात एकेका मजल्यावर चारचारशे माणसं बसतात, तिथे हा शब्द कदाचित खपत असेल. नागपुरात, मिहानला घ्या की परसोडीच्या आयटी पार्कात, कितीतरी टीम पाच-सहा जणांच्या असतात. आमचीही पाच जणांची. आता फॉर्म काय विचारतो? शहर, टीम, अनुभवाची वर्षं, स्त्री की पुरुष. मी भरते: नागपूर, अमुक टीम, १० ते १५ वर्षं, स्त्री. झालं! आधार नंबर तेवढा लिहायचा राहिला. लतान्या स्वीनी या बाईंनी २००० साली दाखवून दिलं होतं की पिनकोड, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष एवढंच कळलं तर अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना एकेकटं ओळखता येऊ शकतं. तिथे एवढ्या मोठ्या देशाची ही गत, तर पाच जणांची काय कथा.

शिवाय लिहिण्याची ढब असते. आमच्यातला एक जण प्रत्येक वाक्य 'बेसिकली'ने सुरू करतो. दुसरा तीन टिंबांशिवाय थांबत नाही... (तशी मीही नाही...) खालच्या चौकोनात दोन ओळी लिहिल्या की सही केल्यासारखंच. सक्करदऱ्यात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. बुधवार बाजारात मी कोणाच्या गाडीवरून उतरले हे मी घरी पोचायच्या आत आईला कळलेलं असतं.

पूर्वी मी ज्या कंपनीत होते तिथली गोष्ट. टीममध्ये उमरेडकडचा एक मुलगा होता, पहिलीच नोकरी. त्याने चौकोनात लिहिलं की सलग सहा शनिवार-रविवार रिलीज चालू आहे आणि बदली सुट्टी कोणी देत नाही. शब्दन् शब्द खरा. महिन्याभराने मॅनेजरने मीटिंगमध्ये ती ओळ पडद्यावर लावली आणि हसत म्हणाला, "ज्याने कोणी लिहिलं त्याने मला येऊन भेटायला काय हरकत होती?" नाव घेतलं नाही. पण बघितलं त्याच्याचकडे. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "ताई, काऊन विचारते मग हे लोकं?" पुढच्या ऍप्रेजलमध्ये त्याच्या कागदावर 'टीममध्ये मिसळत नाही' असा शेरा होता. चार महिन्यांनी तो बंगलोरला गेला. त्या टीमचं पुढचं सर्वेक्षण झकास आलं, सगळीकडे ४ आणि ५. एचआरने केक कापला.

त्या केकचा मला राग आहे. मॅनेजर चिडला, हे समजू शकते. त्यालाही वरून आकडा दिलेला असतो, आणि निनावी शेऱ्यांत कधीकधी निव्वळ शिवीगाळ असते, तिला उत्तर तरी काय देणार? पण घाबरून दिलेले ५ आणि मनापासून दिलेले ५ हे तक्त्यात सारखेच दिसतात. म्हणजे प्रश्नावली नसती तर निदान 'आपल्याला माहीत नाही' हे तरी माहीत असतं.

आपल्याकडे निवडणुकीत नेमका हाच पेच आहे. मत गुप्त, पण मोजणी मतदान केंद्राप्रमाणे. म्हणून निकालाच्या दुसऱ्या दिवशी कोणत्या वस्तीने कोणाला 'पाडलं' हे गावभर होतं आणि मग त्या वस्तीचा रस्ता पाच वर्षं होत नाही. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. मशीन आल्यावर ती गेली. १४ मशीनची मतं एकदम मोजणारं 'टोटलायझर' वापरावं असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात तेच म्हटलं, पण ते काही वापरात आलेलं नाही. म्हणजे एकेकटा मतदार झाकला, तरी त्याचा घोळका उघडाच.

आणखी एक घोळ शब्दांचा. निनावी म्हणजे कोणी लिहिलं हे कोणालाच कळू शकत नाही. गोपनीय म्हणजे कोणाला तरी कळतं, पण तो सांगणार नाही म्हणतो. कंपन्या देतात दुसरं आणि म्हणतात पहिलं. लिंक प्रत्येकाची वेगळी असते, नाहीतर "तुम्ही अजून फॉर्म भरलेला नाही" अशी आठवण नेमकी न भरणाऱ्यालाच कशी येते?

डिसेंबर २०२४ मध्ये नोएडाच्या येसमॅडम कंपनीची एक मेल सगळीकडे फिरली. सर्वेक्षणात ज्यांनी खूप ताण आहे असं लिहिलं, त्यांना कामावरून काढलं, असा मजकूर. प्रचंड गदारोळ झाला, मग कंपनी म्हणाली की कोणालाच काढलेलं नाही, ताणाच्या विषयाकडे लक्ष वेधायला हे केलं होतं. लक्ष वेधायची ही कसली तऱ्हा, ते जाऊ दे. मला नवल वाटलं ते याचं, की ती मेल वाचून आमच्या जेवणाच्या टेबलावर एकालाही "असं कसं होईल?" असं वाटलं नाही.

त्याच वर्षी जुलैत पुण्यात एका मोठ्या लेखापरीक्षण कंपनीतली २६ वर्षांची सीए मुलगी गेली. नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये सगळ्या देशाने वाचलं. त्यावर सही होती.

मग करावं काय? संख्याशास्त्रात एक सुंदर युक्ती आहे, वॉर्नर नावाच्या गृहस्थांनी १९६५ मध्ये तिची वाट दाखवली. तिचं सोपं रूप असं: उत्तर देण्याआधी गुपचूप नाणं उडवायचं. छापा आला तर डोळे मिटून 'हो' लिहायचं, काटा आला तर खरं लिहायचं. १०० जणांत ७० 'हो' आले तर साधारण ५० नाण्याचे, उरलेल्या ५० पैकी २० खरे, म्हणजे ४० टक्के लोक त्रासलेले. पण कोणाही एकाचं 'हो' त्याच्यावर शेकत नाही. फक्त याला माणसं भरपूर लागतात. पाच जणांत नाणं सगळा निकालच गिळून टाकतं.

म्हणून आमच्यासारख्यांसाठी माझं मागणं साधं आहे. नागपूरच्या चार-पाच टीम एकत्र करून निकाल काढा. अनुभव आणि स्त्री-पुरुष विचारूच नका. चौकोनातला मजकूर मॅनेजरच्या हाती जसाच्या तसा देऊ नका, मतितार्थ द्या. आणि दोन महिन्यांत एक, निदान एक गोष्ट बदलून दाखवा. बदली सुट्टी द्या, नाहीतर बुधवारच्या मीटिंग तरी बंद करा.

हे मी गेल्या महिन्यात एचआरच्या मुलीला माझ्या नावाने मेल करून कळवलं. "खूप छान सूचना आहेत मॅडम, पुढच्या सर्वेक्षणात चौकोनात नक्की लिहा," असं तिचं उत्तर आलंय.