शाळेत फोन: बंदी, पेटी की फोकस मोड?

शाळेत फोन आणायचा की नाही, हा वाद आता फक्त पुण्या-मुंबईचा राहिलेला नाही. घोडेगावचंच बघा. आंबेगाव तालुक्याचं हे मुख्य गाव. आहुपे, डिंभे पट्ट्यातून एसटीने इथं येणाऱ्या मुलांसाठी फोन म्हणजे नुसत्या रील्स नाहीत. गाडी चुकली तर घरी कळवायचं साधनही तोच. त्यामुळे ‘बंदी घाला’ म्हणणं सोपं, ती नीट राबवणं अवघड.

बाहेर काय चाललंय?

फ्रान्सने २०१८ मध्येच कायदा करून शाळेत फोन वापरायला मनाई केली. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालानुसार एकदा लक्ष उडालं की ते परत अभ्यासात यायला २० मिनिटं लागू शकतात. म्हणजे एका नोटिफिकेशनमध्ये वीस मिनिटं जाऊ शकतात!

दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मधला मार्ग सांगितला: सरसकट बंदी नको, पण शक्य असेल तिथे शाळेने फोन जमा करून घ्यावेत आणि वर्गात वापर नको. हा निकाल महाराष्ट्राला बांधील नाही, पण दिशा म्हणून उपयोगी आहे.

आपल्याकडची अडचण

असर २०२४ च्या सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. म्हणजे दोन्ही खरं आहे. त्यात २०२५ पासून राज्यभर अकरावीचा प्रवेश ऑनलाइन, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर. फोन लागतोच. पण गणिताच्या तासाला लागत नाही.

फोकस मोड पुरेसा आहे का?

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज > डिजिटल वेलबीइंग > फोकस मोड इथे जा. इन्स्टा, यूट्यूब, गेम निवडा आणि शाळेचे वार व वेळ टाका. ती अ‍ॅप्स थांबतात, फोन मात्र येत राहतात. आयफोनमध्ये हेच काम स्क्रीन टाइममधला डाउनटाइम करतो.

पण फोकस मोडमध्ये ‘ब्रेक घ्या’चं बटणही असतं, आणि ते तुमच्याच हातात! म्हणून वर्गात पेटीच बरी.

पेटी ठेवायची तर...

आधी चार गोष्टी लेखी ठरायला हव्यात: फोन हरवला-फुटला तर जबाबदारी कुणाची? तातडीला घरच्यांनी कोणत्या नंबरवर फोन करायचा? नियम मोडला तर फोन किती दिवसांनी परत मिळणार? आणि सर-मॅडमही तासाला फोन बाजूला ठेवणार का?

शेवटचा प्रश्न उद्धटपणाचा नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचे असतात, मोठ्यांचेसुद्धा. नियम सगळ्यांना सारखा असला तरच मुलं तो मनापासून पाळतात. पुढच्या पालकसभेत हे चारही प्रश्न विचारायला घरच्यांना नक्की सांगा.