आधी पाणी, मग पाहुणा

सहावीत असताना मी हट्ट करून काचेची टाकी आणि चार गोल्डफिश आणले. त्याच संध्याकाळी टाकीत नळाचं पाणी भरलं आणि मासे सोडले. पाणी कसं आरशासारखं! आठवड्याभरात चारही मासे उलटे तरंगू लागले. आजी म्हणाली, "दृष्ट लागली." दृष्ट कसली! पाण्यात विष झालं होतं आणि ते माशांच्याच अंगातून आलं होतं.

हे आठवायचं कारण ॲक्सोलॉटल. संगणकावरच्या खेळात दिसणारा हा हसऱ्या तोंडाचा प्राणी तुमच्यापैकी कितीतरी जणांना घरी हवा असतो. तो मासा नाही, उभयचर आहे. मूळचा मेक्सिको शहरातल्या सोचिमिल्कोचा. बेडकाचं पिल्लू मोठं होताना कल्ले गमावतं. हा मात्र पिसांसारखे कल्ले घेऊन जन्मभर पाण्यातच राहतो. पाय तुटला तर त्याला नवा पाय फुटतो! पण पाणी विषारी झालं, तर त्याचे नाजूक कल्ले आणि कातडी आधी पोळतात.

हे विष म्हणजे अमोनिया. प्राण्याची घाण आणि उरलेलं खाणं यांतून तो तयार होतो. डोळ्यांना दिसत नाही. मग त्याचा बंदोबस्त कोण करतं? तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं नायट्रोजन चक्र आठवा. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच! दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य असतं आणि थोडं थोडं पाणी बदललं की कमी होतं. हे काम दोन टप्प्यांत चालतं, हे विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञानं १८९०च्या सुमारास दाखवून दिलं.

नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात. म्हणून आधी त्यांची वस्ती वसवायची. ती अशी:

१. टाकीत पाणी भरून त्यातलं क्लोरीन घालवा. त्यासाठी दुकानात औषध मिळतं. क्लोरीन जिवाणूंना मारतं.

२. स्पंजचा फिल्टर लावा आणि तो रात्रंदिवस चालू ठेवा. जिवाणू त्यातच घर करतात आणि त्यांना प्राणवायू लागतो.

३. टाकी रिकामी असली तरी रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका. ते कुजलं की अमोनिया होतो. तीच जिवाणूंची शिदोरी!

४. दर दोन-तीन दिवसांनी आईबाबांच्या मदतीनं पाणी तपासा. तपासणीचा संच मिळतो. आकडे वहीत लिहा. आधी अमोनिया वाढेल, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट.

५. रोज खाणं टाकूनही अमोनिया आणि नायट्राइट आठवडाभर शून्य राहिले आणि नायट्रेट दिसलं, की वस्ती वसली! आता बरंचसं पाणी बदला. मगच पाहुणा आणा.

याला चार ते आठ आठवडे लागतात. घाई केली, तर तिची किंमत मुका जीव मोजतो. पुढेही स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा, नाहीतर सगळी वस्ती वाहून जाईल.

आता एक खरं सांगू? ॲक्सोलॉटलला १६ ते १८ अंशांचं थंड पाणी लागतं. २४च्या वर गेलं की त्याचा जीव धोक्यात येतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी थंड करणारं महागडं यंत्र लावल्याशिवाय ते जमायचं नाही. शिवाय अशा परदेशी प्राण्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. त्याच्या मूळ गावी तर आता तो अगदी थोडा उरला आहे. तेव्हा हौसेपोटी त्याला उकाड्यात आणून ठेवू नका.

मासे पाळायचे असतील, तरी पाण्याचा नियम हाच. आज टाकी भरा आणि वहीत पहिली तारीख लिहा. रिकाम्या टाकीकडे बघून कुणी हसलं तर खुशाल सांगा, "रिकामी नाही हं! आत लाखो कामगार कामाला लागलेत!"