दुसरी सही पायाच्या खड्ड्याजवळ

डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि नकाशा पास करून घेण्याची जुनी पायपीट बरीच कमी झाली. खेड्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १,६०० चौरस फुटांच्या भूखंडावर मालकीचे कागद, मोजणी नकाशा, घराचा नकाशा, परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र आणि शुल्काची पावती ग्रामपंचायतीत दिली की काम सुरू करता येते. ३०० चौरस मीटरपर्यंत त्याच अभियंत्याच्या साक्षांकनावर १० दिवसांत परवानगी अपेक्षित आहे. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडच्या माणसाने साध्या घरासाठी नगररचना कार्यालयाचे उंबरठे झिजवावेत, यात तसेही शहाणपण नव्हते. पण सरकार मागे सरकले म्हणून तपासणीचे ओझे संपले नाही, ते एका सहीवर येऊन बसले. नकाशा नियमात बसतो, एवढेच ती सही सांगते. माझ्या मते पाया खणल्यावर आणि काँक्रीट पडण्याआधी जागेवर जाऊन केलेली दुसरी सहीही हवी.

याचे कारण भंडाऱ्याच्या भूगोलात आहे. नियमावली येण्याच्या तीनच महिने आधी, ऑगस्टअखेरीस, वैनगंगा नदी भंडारा शहरात शिरली होती. वर मध्य प्रदेशात संजय सरोवर धरण, खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे. मधल्या गावांची चिंता दोन्हीकडून. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा यांच्यामध्ये बांधायचे, तर जोते लाल रेषेच्या पातळीहून ४५ सेंटिमीटर वर लागते. भूखंडावर लेव्हल घेतल्याशिवाय हे कळणार कसे? मातीचेही तेच. कन्हार, मोरांड, सिहार, बरडी हे फरक इथला शेतकरी नजरेने ओळखतो. काळी कन्हार पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. बरडीवर चालणारा उथळ पाया तिच्यात घातला तर भिंती तडकतात. टेबलावरच्या नकाशात मात्र दोन्ही घरे सारखीच दिसतात.

मिस्त्रीला हे अभियंत्याहून जास्त कळते, असे कोणी म्हणेल. मातीच्या भिंती आणि कवेलूंच्या घरापुरते ते खरेच आहे; ते घर हलके, थोडे हलले तरी सांभाळून घेणारे. स्लॅबचे घर तसे नाही. कॉलममध्ये सळई किती जाडीची, रिंगा किती अंतरावर, हे हिशेबाने ठरते. (वैनगंगेच्या रेतीचा लौकिक मोठा, पण चांगल्या रेतीने चुकीचा पाया सुधारत नाही.)

खर्चाचा आणि नव्या साहेबशाहीचा आक्षेप जास्त वजनदार आहे. त्याला उत्तर घरकुल योजनेतच सापडते. प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरच्या घराचेही टप्प्याटप्प्याने, जागेच्या नोंदीसह फोटो चढवावे लागतात. त्यावर हप्ता सुटतो. गरिबाकडून सरकार एवढा पुरावा घेते, मग फी घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या अभियंत्याकडून का घेऊ नये? खणलेल्या पायाचा एक फोटो, मातीचा प्रकार, जोत्याची पातळी आणि खाली तारखेसह सही, बस्स. खर्च एका फेरीचा. ग्रामपंचायतीने परवानगी अडवायची नाही, कागद फाईलला लावायचा आणि एक प्रत घरमालकाला द्यायची; उद्या भिंत तडकली तर जाब कोणाला विचारायचा, हे त्या प्रतीवर लिहिलेले असेल.