मैदान ओस का पडते?

अमेरिकेत ज्यांचे मुलगे-पुतणे नोकरीधंद्यानिमित्त स्थायिक झाले आहेत, अशा आमच्या काही वाचकांच्या घरी बेसबॉल हे नाव आता परके राहिलेले नाही. सुटीत आलेला नातू एखाद्या संघाची टोपी डोक्यावर घालून येतो आणि आजोबांना त्या खेळाचे नियम समजावू लागतो. आजोबा क्रिकेटवर वाढलेले. त्यांना त्यातले अर्धेच उमगते. इतरांसाठी एवढे सांगितले म्हणजे पुरे की, बॅट आणि चेंडू येथेही आहेत, दोन्ही बाजूंना नऊ नऊ खेळाडू असतात, आणि नऊ डाव आळीपाळीने खेळून ज्यांच्या धावा अधिक ते जिंकतात. फलंदाजाने चेंडू कुंपणापलीकडे भिरकावला तर त्यास होमरन म्हणतात. आमच्या षटकाराचा तो थोरला भाऊच समजावा.

परंतु आज आम्हांला खेळाच्या नियमांविषयी नव्हे, तर खेळ पाहणाऱ्यांविषयी लिहावयाचे आहे. धंदेवाईक बेसबॉलचे अमेरिकेतील मोठे संघ तीस आहेत आणि प्रत्येकाचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो. एवढे सामने पाहावयास माणसे वर्षानुवर्षे पदरमोड करून जातात, आणि मग एके दिवशी जाईनाशी होतात. असे का घडावे? सामान्य समजूत अशी की, संघ हरू लागला म्हणजे प्रेक्षक पाठ फिरवितात. ही समजूत अगदीच खोटी नाही. हरणाऱ्या संघाच्या मैदानावर रिकामी बाके दिसतातच. तथापि या खेळाचा इतिहास चाळताना आमचे मत थोडे निराळे झाले आहे. पराभवाने चाहता रुसतो, चार दिवस घरी बसतो. कायमचा तुटतो तो दुसऱ्याच कारणाने.

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन या भागात डॉजर्स नावाचा संघ होता. मजूर, लहान दुकानदार, बाहेरून येऊन वसलेली इटालियन, आयरिश व ज्यू कुटुंबे यांची ती वस्ती. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मैदानात उतरवून याच संघाने मोठ्या बेसबॉलमधील वर्णभेदाला विसाव्या शतकात पहिला तडा दिला. खेळाडू एकाहून एक सरस. पण अखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिकेत दैव आडवे येई. १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशा पाच वर्षी त्याच शहरातील धनाढ्य यांकीज संघाने त्यांना हरविले. ब्रुकलिनचे लोक आपल्याच खेळाडूंना लाडाने 'निकम्मे' म्हणत आणि दर वर्षी एकमेकांस सांगत, "पुढच्या वर्षी बघा!" मैदान मात्र त्यांनी सोडले नाही.

या संघात गिल हॉजेस नावाचा एक धिप्पाड, अबोल कॅथलिक खेळाडू होता. १९५२ च्या त्या मालिकेत सात सामने झाले, आणि गणतीत धरलेल्या २१ पाळ्यांत त्याला एकही सफल टोला मारता आला नाही. संघ हरला. असल्या खेळाडूची लोक कोणती दशा करतात हे आम्ही क्रिकेटच्या मैदानांवर पाहिलेले आहे. ब्रुकलिनमध्ये उलटेच घडले. पुढील वर्षी, १९५३ च्या वसंतातही त्याची बॅट मुकीच राहिली, तेव्हा तो मैदानात येताच लोक टाळ्या वाजवू लागले. त्याच्या घरी पत्रांचे गठ्ठे येऊ लागले. त्यांत कोणी जपमाळ पाठवी, कोणी पदक पाठवी. मे महिन्यातील एका उकाड्याच्या रविवारी तेथील संत फ्रान्सिस झेवियरच्या देवळात फादर हर्बर्ट रेडमंड यांनी मिस्सेच्या वेळी प्रवचन दिलेच नाही. आज फार गरम होते आहे, तेव्हा घरी जा, दहा आज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी प्रार्थना करा, एवढेच त्यांनी भाविकांना सांगितले. (आमच्याकडील काही श्रोत्यांना असे प्रवचन अधूनमधून मिळाले तर नको होणार नाही!) त्या हंगामाअखेर हॉजेसच्या नावावर ३१ होमरन होते. प्रार्थनेचे फळ की सरावाचे, हा वाद आम्ही वाचकांवर सोपवितो.

१९५५ साली 'पुढचे वर्ष' अखेर उगवले. यांकीजविरुद्ध सातवा सामना डॉजर्सनी दोन धावांनी जिंकला. त्या दोन्ही धावा हॉजेसच्या टोल्यांवर आल्या आणि शेवटचा चेंडूही त्याच्याच हातमोज्यात विसावला. ब्रुकलिनच्या गल्ल्यांतून रात्रभर आनंद चालला होता.

आणि दोनच वर्षांनी तो संघ ब्रुकलिनमधून निघून गेला. मालक वॉल्टर ओमॅली यांना जुने एबेट्स फील्ड अपुरे वाटत होते. मोटारी उभ्या करावयास जागा नव्हती. नव्या मैदानासाठी त्यांना ब्रुकलिनमध्येच जी जागा हवी होती ती शहराचे सूत्रधार रॉबर्ट मोझेस देईनात, आणि ते देऊ करीत ती ओमॅलींना पसंत नव्हती. दोष कोणाचा किती, यावर अद्याप वाद चालतो. प्रेक्षक मात्र आटले नव्हते. १९५७ च्या हंगामातही दहा लाखांहून अधिक लोक सामने पाहावयास आले होते. तरी संघ लॉस एंजेलिसला जाणार हे दिसू लागले, आणि २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवरील अखेरच्या सामन्यास अवघे ६,७०२ लोक हजर राहिले. १९६० साली मैदान पाडावयास यंत्र आणले, तेव्हा भिंती फोडणारा लोखंडी गोळा बेसबॉलसारखा रंगविला होता. हे कोणाला सुचले असेल, देव जाणे. लॉस एंजेलिसमध्ये प्रेक्षकांची रीघ लागली, तेव्हा मालकाचा हिशेब चुकला असे म्हणता येत नाही.

न्यूयॉर्कचा तिसरा संघ जायंट्स, तोही त्याच वर्षी सान फ्रान्सिस्कोस गेला. आता शहरात एकटे यांकीज उरले. दोन संघांचे पोरके झालेले चाहते यांकीजकडे वळतील असा कोणाचा कयास असेल, तर तो फसला. १९५८ मध्ये यांकीजच्या प्रेक्षकांत भर पडण्याऐवजी घटच झाली. चाहता हा हाटातील गिऱ्हाईक नव्हे की, एक दुकान बंद होताच शेजारच्या दुकानी जावे. मग १९६२ साली मेट्स हा नवा संघ निघाला. डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी हे त्याचे रंग. पहिल्याच वर्षी १२० पराभव पदरात पडले, विजय अवघे ४०. तरी नऊ लाखांहून अधिक प्रेक्षक आले! संघाचा सर्वांत पहिला होमरन कोणी मारला? त्याच गिल हॉजेसने. पुढे १९६९ साली त्याच्याच मार्गदर्शनाखाली मेट्स अजिंक्य झाले.

मालकांप्रमाणेच खेळाडूही या दुराव्यात वाटेकरी होऊ शकतात, हे १९९४ साली दिसून आले. पगारांवर मर्यादा घालावी असा मालकांचा आग्रह, खेळाडूंना तो अमान्य. १२ ऑगस्टपासून संप सुरू झाला आणि अजिंक्यपदाची मालिकाच रद्द झाली. दोन महायुद्धांनीही जी बंद पडली नव्हती ती पैशांच्या भांडणाने बंद पडली. कॅनडातील मॉन्ट्रियलचा एक्स्पोज संघ त्या वेळी ७४ विजय व ४० पराभव मिळवून सर्वांच्या पुढे होता. तसे वर्ष त्यास पुन्हा लाभले नाही. दहा वर्षांनी तो संघही वॉशिंग्टनला नेण्यात आला. संप एप्रिल १९९५ मध्ये मिटला, पण सरासरी प्रेक्षकसंख्या ३१ हजारांवरून २५ हजारांवर उतरली. कोट्यधीश कोट्यधीशांशी भांडत असताना तिकिटाचे पैसे साठविणाऱ्या बापाने आणि त्याच्या मुलाने कोणाची बाजू घ्यावी?

त्यांना परत आणण्यास एका माणसाची मोठी मदत झाली, असे आम्हांस वाटते. बाल्टिमोरचा कॅल रिपकेन हा मे १९८२ पासून एकही सामना न चुकविता खेळत होता. ६ सप्टेंबर १९९५ रोजी त्याने लागोपाठ २,१३१ वा सामना खेळून लू गेहरिगचा जुना विक्रम मोडला. खेळ मध्येच थांबला, लोक वीसबावीस मिनिटे टाळ्या वाजवीत उभे राहिले, आणि रिपकेन मैदानाला फेरी घालून कठड्याशी आलेल्यांचे हात हाती घेत राहिला. रोज कामावर वेळेवर जाणाऱ्या सामान्य माणसाला त्या विक्रमातील गोडी निराळी समजावून सांगावी लागली नाही. १९९८ च्या होमरनच्या शर्यतीनेही गर्दी खेचली. पण ७० होमरन मारणाऱ्या मार्क मॅग्वायरने आपण निषिद्ध औषधे घेत होतो, अशी कबुली २०१० मध्ये दिली.

मालक-खेळाडूंची भांडणे सोडली तरी एक साधे कारण उरतेच, ते कंटाळ्याचे. सामने लांबत लांबत सरासरी तीन तासांच्या वर गेले होते. चेंडू फेकणारा टोपी सारखी करी, फलंदाज हातमोजे आवळी, आणि पोरे पेंगू लागत. २०२३ पासून चेंडू फेकावयास घड्याळ लावले. सरासरी वेळ २ तास ४० मिनिटांवर आली आणि त्या वर्षी एकंदर प्रेक्षक सात कोटींच्या वर गेले. हा बदल योग्यच झाला.

परंतु घड्याळाचा उपाय ओकलंडच्या लोकांस उपयोगी पडला नाही. कॅलिफोर्नियातील या कष्टकऱ्यांच्या शहरात अ‍ॅथलेटिक्स संघ १९६८ पासून होता. तेथे त्याने चार अजिंक्यपदे मिळविली. अलीकडे मालकाने चांगले खेळाडू एकेक करून घालविले, मैदानाची दुर्दशा झाली, आणि मग प्रेक्षक येत नाहीत म्हणून संघ लास व्हेगासला नेण्याचे ठरले. त्यावर १३ जून २०२३ रोजी चाहत्यांनी उलटा बहिष्कार पुकारला. मैदान टाळण्याऐवजी ते भरावयाचे! २७,७५९ लोक आले. पुष्कळांच्या सदऱ्यांवर एकच शब्द होता: 'विका'. येथे राखील अशा कोणाला तरी संघ विका, असे त्यांचे मागणे होते. ते मान्य झाले नाही. २६ सप्टेंबर २०२४ रोजी अखेरच्या सामन्यास ४६,८८९ माणसे जमली. संघ जिंकला; आणि मग मैदानाची निगा राखणाऱ्या कामगारांनी तेथली माती लोकांना घरी नेण्यास दिली.

त्याच वर्षी ओकलंडच्या रायमोंडी पार्कवर बॉलर्स नावाचा एक लहानसा संघ खेळू लागला होता. मोठ्या बेसबॉलमध्ये त्याची गणना नाही, त्याचे खेळाडू कोणाला ठाऊक नाहीत. पण संघाचे भाग विक्रीस निघाले तेव्हा साध्या चाहत्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे ते विकत घेतले. आणि २०२५ साली आपल्या लहान गटातील अजिंक्यपद त्या संघाने मिळविले, तेव्हा बाकांवर बसलेल्यांपैकी कितीतरी जण त्याचे मालकही होते.