मुनियाचा उतरलेला रंग

ईदी हातात पडली की मुले काय घेऊन येतील याचा नेम नसतो. यंदा आमच्या काटोलच्या घरी भाच्याने पिंजराच आणला. आत दोन चिमुकले पक्षी, एक पोपटी, एक गुलाबी. विकणाऱ्याने सांगितले होते, ‘विदेशी फिंच आहेत.’ आम्हीही कौतुकाने पाहत राहिलो.

चार दिवसांनी पक्ष्यांनी वाटीत अंघोळ केली आणि पाणी हिरवट झाले. पुढे पिसे गळू लागली. नवी आली ती तपकिरी, पोटावर खवल्यांसारखी नक्षी. ‘मामू, हे आजारी पडले का?’ भाचा रडवेला झाला.

आजार नव्हता. ती आपल्याच रानातली ठिपकेवाली मुनिया होती, वरून रंगवलेली. पूर्ण वाढलेले पीस नखासारखे निर्जीव असते. त्याला लावलेला रंग धुपतो, आणि ते गळून नवे आले की पक्षी मूळ रूपात दिसतो.

रंग खरोखर बदलणारे पक्षीही आहेत. लाल मुनियाचा नर विणीच्या हंगामात लालभडक होतो, मग पुन्हा मळकट तपकिरी. या लालीसाठी लागणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये पक्ष्याला अन्नातूनच मिळवावी लागतात. आमच्या संत्र्यांचा रंगही याच जातीच्या द्रव्यांचा. पिंजऱ्यात नुसत्या कांगणीवर ठेवलेल्या नराची लाली म्हणूनच फिकी पडते. कधी पिसे चक्क काळपट येतात.

पण रानातली मुनिया पाळावीच कशाला? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. मूळ ऑस्ट्रेलियाचा झेब्रा फिंच या बंदीत येत नाही. म्हणून तर आपल्या मुनियेला रंग फासून ‘विदेशी’ म्हणून खपवतात.

आम्ही दोन्ही पक्षी नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या वन विभागाच्या उपचार केंद्रात नेऊन दिले. बसमध्ये पिंजरा भाच्याच्या मांडीवर होता. परतताना तो म्हणाला, ‘मामू, मी हिरवी मागितली म्हणूनच त्याने रंगवली ना?’

आम्हाला उत्तर सुचले नाही. पैसे त्याचे होते, पण पिंजरा घरात आला तेव्हा कौतुक करणारे आम्ही मोठेच होतो. वाचकहो, बाजारात असा रंगीत पक्षी दिसला तर विकत घेऊ नका, दया म्हणूनही नाही. वन विभागाला कळवा. एक विकला गेला की त्याच्या जागी दुसरा पकडला जातो.