विमानतळ कोणाचा, तूट कोणाची?

बिदरहून विमान सुटले की पेढे आणि बंद पडले की निवेदन, हा आपल्या भागाचा शिरस्ताच होऊन बसला आहे. पेढे आणि निवेदन दोन्ही बाजूला ठेवून मुडबी परिसरातील मराठी माणसाने एक साधा प्रश्न विचारावा, असे आम्हांस वाटते. या विमानतळाच्या कारभारात आपला शब्द चालतो कुठे?

७ फेब्रुवारी २०२० रोजी बिदरच्या नागरी टर्मिनलचे उद्घाटन झाले. त्याआधी ते बांधून तयार असूनही वर्षानुवर्षे कुलपात होते. कारण हैदराबादच्या नव्या विमानतळाच्या करारात दीडशे किलोमीटरच्या आत दुसऱ्या नागरी विमानतळाला मज्जाव होता. तो करार करताना बिदर जिल्ह्यातील कुणाला विचारले होते? उद्घाटनानंतर ट्रूजेट आली आणि गेली. २०२२ मध्ये स्टार एअर आली, २०२३ च्या अखेरीस थांबली, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. 'उडान' योजनेत छोट्या मार्गावरील तूट कंपनीला तीन वर्षे भरून मिळते. त्यापुढे प्रवासी कमी पडले की विमान दुसरीकडे वळते. कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही, ती धंदा करायला आली आहे.

बिदरची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि ती त्यांचीच राहावी. तेथे वैमानिक घडतात याचा आपल्याला अभिमानच आहे. आम्ही बोलतो ते नागरी सेवेबद्दल. लातूरकडे पाहा. (उदगीर, निलंगा १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते, तेव्हा ती बाजू आपल्याला परकी नाही.) तेथील विमानतळ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा, म्हणजे जनतेचा. २००९ मध्ये तो नांदेड, उस्मानाबाद, यवतमाळ व बारामतीसह ९५ वर्षांच्या कराराने रिलायन्सच्या कंपनीला दिला गेला. लातूरकर नियमित विमानाची वाट पाहत राहिले आणि पुढे विमानतळ परत घेण्याची भाषा खुद्द शासनालाच करावी लागली.

अमेरिकेत असे कितीतरी छोटे विमानतळ नगरपालिकांच्या मालकीचे आहेत. हँगरचे भाडे, इंधनाची विक्री यांचा हिशेब नगरसभेपुढे येतो. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराने आवाजाला कंटाळून आपला विमानतळ बंद करायचे ठरवले. केंद्राशी वर्षानुवर्षे झगडून २०१७ मध्ये तडजोड झाली आणि २०२८ संपल्यावर बंद करण्याचा हक्क शहराला मिळाला. ते शहाणे की वेडे, हा वाद निराळा. पण निर्णय त्यांच्या हाती आहे.

आपल्याकडे मालकी नाही, पण बिल मात्र आहे. २०२५ मध्ये सेवा पुन्हा सुरू करताना तुटीसाठी कल्याण कर्नाटक विभाग विकास मंडळाचा पैसा पुढे आला. हे मंडळ कलम ३७१ (जे) खाली मागास जिल्ह्यांसाठी आहे. याच मंडळाच्या पैशातून कलबुर्गीत जयदेव संस्थेचे ३७१ खाटांचे हृदयरोग रुग्णालय उभे राहिले, डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्या पैशाबद्दल कुणाची तक्रार नाही. छातीत कळ आली तर मुडबीचा माणूस तिकडेच धावणार. विमानाच्या रिकाम्या खुर्चीचे तसे नाही. तिचा हिशेब द्यावा लागेल.

विमान नको, असे आम्ही म्हणत नाही. बेंगळुरूला सचिवालय आहे, उच्च न्यायालय आहे, कामे पडतात. पण आपल्या घरांतील मुले पुण्या-मुंबईला आहेत, सोयरिकी लातूर-सोलापूरला आहेत. आपल्या निधीतून तूट भरायची तर मार्ग ठरवताना पश्चिमेचाही विचार व्हावा. दर तिमाहीस प्रवासी किती, तूट किती, हे जिल्हा पंचायतीच्या सभेत वाचून दाखवावे. आणि करार संपण्याच्या सहा महिने आधी पुढचा निर्णय जाहीर व्हावा. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, या तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर लेखी घ्यावे.